पाच क्विंटल सोयाबीन आणि एक चार्जिंग जॅक

दिवाळीला आठ दिवस होते. चुलत बहिणीचा अमरावतीहून फोन आला. “दादा, लॅपटॉप चार्जच नाई होऊन राह्यला. सर्व्हिस सेंटरवाले म्हणते मदरबोर्ड बदला लागते. साडेसव्वीस हजार सांगतले.”

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या घराण्यात कुणाचा टीव्ही लागला नाही, कुणाचं व्हॉट्सअॅप उघडलं नाही, तरी फोन मलाच येतो. त्या दिवशी मी पुण्यात ऑफिसच्या कँटीनमध्ये चहा पीत होतो. एकही प्रश्न न विचारता सल्ला देऊन टाकला, “जुन्या मशीनमध्ये एवढे पैसे घालू नको. वरून थोडे टाकले की नवाच येतो. ईएमआय करून टाकू.” चहा संपायच्या आत विषय संपला. माझ्यापुरता.

काकांचा विषय तिथून सुरू झाला. मूर्तिजापूर तालुक्यात त्यांची पाच एकर कोरडवाहू शेती. सोयाबीन नुकतंच निघालं होतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे साडेसव्वीस हजार ही रक्कम हमीभावाने पाच क्विंटल सोयाबीनची. पण हमीभावाने विकायचं तर माल वाळवावा लागतो, खरेदी केंद्राची वाट पाहावी लागते. पोरीचं शेवटचं वर्ष, कॅम्पसच्या परीक्षा तोंडावर. काकांनी ओला माल व्यापाऱ्याला घातला. भाव पडका, वरून ओलाव्याची कटती. पाच क्विंटलच्या पैशासाठी सात क्विंटल गेलं.

दिवाळीला मी अकोल्याला घरी गेलो. बहीण लॅपटॉप घेऊन आली होती. नवा घेण्याआधी जुन्यातला डेटा काढून दे, एवढंच तिचं म्हणणं. बाबा म्हणाले, “टिळक रोडच्या मागं एक भाऊ बसते. त्याले एकदा दाखवून तर पाय.” मला ते मनापासून पटलं नव्हतं, पण गेलो.

दुकान म्हणजे सहा बाय आठची खोली. काउंटरवर उघडे बोर्ड, एक मल्टिमीटर, सोल्डरिंगची इस्त्री, हॉट एअर गन आणि भिंगाचा दिवा. भाऊंनी आधी लॅपटॉप घेतलाच नाही. म्हणाले, “चार्जर दाखव.” मीटर लावला. १९.४ व्होल्ट. “चार्जर बराबर हाय.” मग पिन लॅपटॉपात घातली आणि हळूच डावी-उजवी हलवली. “हे पाय. लाईट जाऊन-येऊन राह्यली.” खालचे स्क्रू काढले, बॅटरीचं कनेक्शन सोडवलं, बोर्ड भिंगाखाली धरला. जॅकच्या एका पायाभोवती केसासारखी बारीक भेग होती. “टाका उखडला. बोर्डाले काई नाई झालं.”

जुना जॅक काढून नवा बसवायला पाऊण तास लागला. जॅकचे अडीचशे, मजुरीचे पाचशे. साडेसातशे रुपये.

बहीण काहीच बोलली नाही. मधल्या दिवसांत एका कंपनीची कोडिंग टेस्ट होऊन गेली होती. कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या लॅपटॉपवर द्यायची होती, ती तिने दिलीच नव्हती. आणि सोयाबीन तर व्यापाऱ्याच्या गोदामातून परत येत नाही.

हा लेख म्हणजे भाऊंचं कौतुक नाही. ‘आपले गल्लीतले जुगाडू कारागीर किती हुशार’ छापाचे व्हिडिओ आपण भरपूर पाहतो, लाइक करतो आणि पुढच्या वेळी पुन्हा काचेच्या दुकानात जातो. मला विचारायचं आहे ते वेगळंच. साडेसातशे रुपयांचा बिघाड साडेसव्वीस हजारांचा होतो, तेव्हा मधले पावणेसव्वीस हजार नेमके कशाचे असतात?

आधी बिघाड समजून घेऊ

लॅपटॉप चार्ज होत नाही, हे फक्त लक्षण आहे. त्यामागे वेगवेगळी कारणं असतात आणि ती बऱ्याच अंशी घरबसल्या वेगळी करता येतात. भिंतीतलं सॉकेट चालू आहे का? दुसरं काही लावून पाहायचं. चार्जरवर लाईट असेल तर ती लागते का? नसेल तर चार्जर किंवा त्याची वायर. लाईट लागते, पण पिन लॅपटॉपात घालताच विझते? मग आत कुठेतरी शॉर्ट आहे. पिन काढा, पुन्हा पुन्हा घालून पाहू नका, सरळ दुरुस्तीवाल्याकडे जा. लाईट चालूच राहते, पण लॅपटॉपला पत्ताच नाही? मग वीज दारापर्यंत येते आहे, आत जात नाही. आणि पिन एका विशिष्ट कोनात धरली की चार्ज होतं, सोडली की बंद? हे तर जॅक सैल झाल्याचं सगळ्यात ठळक लक्षण. पिन लावलेल्या जागी हाताला चटका बसत असेल, करपल्याचा वास येत असेल, तर त्याच क्षणी थांबायचं.

जॅक का बिघडतो, यातही गूढ काही नाही. मांडीवर लॅपटॉप, वायर पलंगाखालून, येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय अडकतो. प्रत्येक झटका त्या तीन-चार छोट्या टाक्यांवर बसतो. संपर्क सैल झाला की तिथे विजेला अडथळा होतो, अडथळ्याने उष्णता वाढते, उष्णतेने टाका आणखी खिळखिळा होतो.

म्हणजे लॅपटॉपच्या ज्या मोजक्या भागांना रोज हाताने ओढाताण सोसावी लागते, त्यातला हा एक. तो झिजणार हे डिझाइन करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. सायकलचा ट्यूब पंक्चर होणार हे माहीत असतं, म्हणून चाक काढता येतं. ट्यूब फ्रेमला वेल्डिंग करून कुणी सायकल विकली असती, तर आपण त्याला इंजिनिअर म्हटलं असतं का?

भाऊंनी त्याच टेबलावरचा दुसरा एक लॅपटॉप दाखवला. त्यात जॅक बोर्डावर नव्हताच. जॅक वेगळा, त्याला बोटभर वायर, वायरीच्या टोकाला बोर्डात खोचायचा छोटा कनेक्टर. दोन स्क्रू काढायचे, वायर ओढायची, नवी खोचायची. सोल्डरिंग नाही, हॉट एअर नाही. म्हणजे हे जमतं. बाजारात आहे. तरीही असंख्य मॉडेलमध्ये जॅक थेट बोर्डाला डकवलेला असतो, आणि मग सर्व्हिस सेंटरच्या यादीत ‘जॅक’ नावाची वस्तूच उरत नाही. यादीत असतो तो मदरबोर्ड.

म्हणून अमरावतीच्या काउंटरवरच्या त्या मुलावर माझा राग नाही. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये ‘चार्ज होत नाही, चार्जर ठीक आहे’ याचं एकच उत्तर भरलेलं होतं. टाका पाहायला त्याला भिंग दिलेलं नव्हतं. कदाचित माझ्यासारखीच पदवी असेल त्याच्याकडे.

पार्ट यायला किती दिवस लागतील, याचं उत्तर मिळालं होतं पंधरा ते वीस दिवस. याच अमरावती-अकोला महामार्गावर जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने एका लेनवर सलग ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीजमध्ये नाव लावलं. रस्त्याला साडेचार दिवसही लागले नाहीत. त्या रस्त्यावरून एक बोर्ड यायला वीस दिवस.

चार्जरला ओळखपत्र कशाला?

जॅकच्या पुढचा प्रकार आणखी बारीक आहे. काही कंपन्यांच्या गोल पिनेत मधोमध एक सुईसारखा तार असतो. त्यातून वीज जात नाही, ओळख जाते. चार्जर लॅपटॉपला सांगतो की मी अमुक वॅटचा आहे. ही ओळख पटली नाही तर काही मॉडेलमध्ये बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम मंद चालवला जातो. वीज पूर्ण येत असते, व्होल्टेज बरोबर असतं, तरी ती सुई वाकली की मशीन आजारी.

याला तांत्रिक कारण आहे, ते मी नाकारत नाही. ४५ वॅटच्या चार्जरकडून ९० वॅट ओढायला गेलं तर चार्जर तापेल. पण मग ती भाषा उघडी ठेवा. सुई वाकली असेल तर स्क्रीनवर स्वच्छ लिहा, ‘वीज येते आहे, ओळखीची तार तपासा.’ तसं नसतं. बऱ्याचदा ‘प्लग्ड इन, नॉट चार्जिंग’ एवढंच दिसतं आणि माणूस घाबरून काउंटरवर पोचतो. बिघाडाची माहिती मशीनकडे असते, मालकाला ती मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, आता सगळं सी-टाइप होतंय, गोल पिनेचं रडगाणं कशाला? युरोपीय संघाने फोन, टॅबलेट वगैरेंसाठी २८ डिसेंबर २०२४ पासून सी-टाइप सक्तीचं केलं आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने जानेवारी २०२३ मध्ये सी-टाइपचं मानक जाहीर केलं. चांगलंच आहे. घरात एकच चार्जर पुरेल. पण हा नियम पोर्ट कोणत्या आकाराचा असावा याचा आहे, तो बोर्डावर कसा बसवावा याचा नाही. सी-टाइपमध्ये २४ संपर्क असतात. गोल जॅकचे चार-पाच जाड पाय साध्या इस्त्रीने निघतात, हे २४ बारीक पाय काढायला हॉट एअर, सूक्ष्मदर्शक आणि स्थिर हात लागतो. तो पोर्ट पुन्हा बोर्डालाच डकवलेला असेल, तर चार्जर स्वस्त झाला आणि दुरुस्ती महाग झाली, एवढाच फरक.

‘अनधिकृत’ कोण?

भाऊंसाठी कंपन्यांकडे एक शब्द आहे, ‘अनधिकृत’. अनधिकृत बांधकाम, अनधिकृत वीजजोडणी, त्या रांगेतला शब्द. ज्याने टाका शोधला तो अनधिकृत, आणि ज्याने न शोधता अख्खा बोर्ड बदलायला सांगितला तो अधिकृत.

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला सुरक्षिततेचा. लिथियमच्या बॅटरीशी खेळ नको, चुकीचा जॅक बसवला तर आग लागू शकते. खरं आहे. म्हणूनच भाऊंनी सगळ्यात आधी बॅटरी सोडवली होती. पण सुरक्षिततेची एवढी काळजी असेल तर खरा जॅक आणि दुरुस्तीचं पुस्तक उघड्या बाजारात विका ना. आज भाऊंना जॅक मिळतो तो मेलेल्या बोर्डातून काढलेला किंवा बिननावाच्या पाकिटातला. बोर्डाचा नकाशा त्यांच्या मोबाइलवर होता, कुणीतरी ग्रुपवर टाकलेली पीडीएफ. कंपनीने दिलेला नव्हता. एकेकाळी कित्येक रेडिओ-टीव्हींच्या झाकणाच्या आतच सर्किटचा नकाशा चिकटवलेला असायचा. तेव्हा त्याला गुपित म्हणत नसत.

दुसरा आक्षेप, गल्लीतले लोक फसवतात. हो, फसवतात. कॉलेजात असताना माझाही आठ जीबीचा रॅम दुरुस्तीनंतर चार जीबीचा होऊन परत आला होता. पण फसवणुकीवर उपाय म्हणजे मक्तेदारी नव्हे. किमती उघड असल्या, पार्टवर छापील नंबर असला, दुरुस्तीवाल्याला रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र मिळालं, तर फसवणूक पकडता येते. भाऊंकडे मी साडेसातशेला फसलो असतो तर साडेसातशेला फसलो असतो. काउंटरवर छापील कोटेशन मिळतं, म्हणून आपण त्याला फसवणूक म्हणत नाही.

आणि हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडून भागत नाही, हेही एकदा दिसलेलं आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला. मुद्दा हाच होता, की सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू दिली जात नाही. कंपन्या अपिलात गेल्या, तो भाग वेगळा. पण सुटा भाग अडवून ठेवणं ही बाजारातली दादागिरी आहे, हे या देशातल्या एका संस्थेने २०१४ मध्येच लिहून ठेवलं आहे. ते गाड्यांना लागू होतं तर लॅपटॉपला का नाही?

सरकारी कागदावर कुठवर आलंय

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली. २४ डिसेंबर २०२२ ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झालं. पोर्टलवर कंपन्यांची सर्व्हिस, वॉरंटी, पार्ट यांची माहिती एका जागी मिळावी अशी कल्पना. कल्पना चांगली, पण माहिती देणं आणि जॅक देणं यात अंतर आहे. ‘जवळचं अधिकृत केंद्र’ ही माहिती माझ्या बहिणीला आधीपासून होती. ती तिथेच तर गेली होती.

पुढे मे २०२५ मध्ये एका समितीने ‘दुरुस्ती निर्देशांका’चा अहवाल दिला. वस्तू किती सहज उघडते, कोणती हत्यारं लागतात, सुटे भाग मिळतात का, माहिती मिळते का, यावर गुण. जास्त बिघडणाऱ्या भागांच्या यादीत बॅटरी, स्क्रीन यांच्यासोबत चार्जिंग पोर्टचंही नाव आहे. वाचून बरं वाटलं. पण सुरुवात सुचवली आहे ती स्मार्टफोन आणि टॅबलेटपासून. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून दहापैकी गुण दुकानातच लावावे लागतात, आणि त्या पहिल्या यादीतच लॅपटॉप होता.

आपल्याकडे लॅपटॉप अजून चैनीची वस्तू समजला जातो का? काकांच्या घरात तो बैलजोडीच्या खालोखाल महाग वस्तू आहे. बैलाच्या पायाला नाल ठोकायची वेळ आली म्हणून बैल बदला, असं कुणी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ऐकून घेतलं नसतं. लॅपटॉपच्या बाबतीत ऐकून घेतलं, कारण सांगणारा टाय घातलेला होता आणि त्याला दुजोरा देणारा घरचाच इंजिनिअर होता.

आता माझी पाळी

इथे मला कंपन्यांना सोडून स्वतःकडे वळावं लागतं. चार वर्षं इंजिनिअरिंग केलं. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानस मारून मारून चौकोनी केला. किरचॉफचे नियम पाठ करून मार्क मिळवले. प्रॅक्टिकलच्या फाइली वरच्या बॅचच्या पाहून उतरवल्या. पण बंद पडलेली एक वस्तू पुढ्यात ठेवून ‘हिला चालू कर’ असं चार वर्षांत एकदाही कुणी म्हटलं नाही. मी वर्गात व्होल्टेज शिकलो आणि भाऊंच्या दुकानात पहिल्यांदा मीटर लावून पाहिला. त्यांच्याकडे आयटीआयचं प्रमाणपत्र आहे. घरचे अडचणीत फोन करतात मला.

त्याहून वाईट म्हणजे माझं काम. गेल्या वर्षी आमच्या टीमने एका अॅपमध्ये जुन्या फोनसाठी एक स्क्रीन टाकला, ‘तुमचं डिव्हाइस आता सपोर्टेड नाही.’ तो कोड मी लिहिलाय. आठ-दहा ओळींचा. फोन चालत होते, अॅपही चालत होतं. जुन्या फोनवर टेस्टिंग करायचा खर्च वाचवायचा होता, म्हणून दार लावलं. मीटिंगमध्ये कुणी हरकत घेतली नाही. मीही नाही. त्या स्क्रीनसमोर किती जण माझ्या बहिणीसारखे बसले असतील, हे मोजायला कुठलाही डॅशबोर्ड आम्ही बनवला नव्हता.

ज्या अमरावती जिल्ह्यात, शेंडगावात, गाडगेबाबा जन्मले, तिथली आम्ही पोरं. अंगावर ठिगळांची वस्त्रं, हातात फुटकं गाडगं. बाबांचं सांगणं कीर्तनाकीर्तनांतून गावोगाव पोचलं होतं, कर्ज काढू नका आणि पोरांना शिकवा. आम्ही शिकलो, आणि शिकून पहिला सल्ला काय दिला? ‘ईएमआय करून टाकू.’

मागण्या फार मोठ्या नाहीत. ओढाताण सोसणारा प्रत्येक भाग, जॅक असो की पोर्ट, बोर्डापासून वेगळा बसवा. त्याचा नंबर आणि किंमत वेबसाइटवर टाका, कुणालाही विका. बोर्डाचा नकाशा दुरुस्तीवाल्यांना द्या. सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलायला सांगितलं तर नेमका कुठला भाग गेला, हे लेखी द्यावं. आणि दुरुस्ती निर्देशांकात लॅपटॉप आणा, ऐच्छिक नको, सक्तीने.

तोवर तुम्ही एवढं करा. मदरबोर्ड गेला असं कुणी सांगितलं, तर विचारा, “कशावरून? लिहून द्या.” दिलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. आणि पैसे भरण्याआधी आपल्या गावातल्या एका तरी भाऊंना मशीन दाखवा.

परवा मामांचा फोन आला, दर्यापूरहून. “अरे, पोराचा लॅपटॉप बंद पडला. नवा कोणता घ्यावा?” मी विचारलं, “मामा, चार्जरवरची लाईट लागते का?”

मामा म्हणाले, “थांब, पायतो.”